हायवे सोडला आणि थेट 'तरी'पाशी जाऊन थांबलो: आडरस्ते, कागदी नकाशे वगैरे

मैलाचा_धोंडा

मंडळी, गेली अकरा वर्षं मी एकाच हायवेने वर्षातून सहा-सात वेळा ये-जा करतोय. तीनशे दहा किलोमीटर, पाच तास. परवा कुणीतरी सहज विचारलं, "वाटेत काय काय लागतं?" आणि मला टोलनाके सोडून एक गोष्ट सांगता येईना. एक मोठा डोंगर आहे, पण तो डावीकडे की उजवीकडे? (बायकोचं उत्तर: जाताना डावीकडे, येताना उजवीकडे.)

गेल्या महिन्यात त्याच वाटेवर पुढे काहीतरी होऊन गाड्या तुंबल्या होत्या. काचेला लावलेला फोन उन्हाने तापून बंद पडला. कप्प्यात घडीचा एक जुना नकाशा होता, सेलोटेपच्या जिवावर तगून राहिलेला. बायकोने तो मांडीवर पसरला, म्हणजे स्वतःच्या मांडीवर, गिअरवर आणि माझ्या निम्म्या स्टिअरिंगवर, आणि म्हणाली, "पुढच्या फाट्याला डावीकडे घे."

पुढचे नऊ तास कसे गेले कळलं नाही. एकपदरी रस्ता. मोरीवर समोरून कुणी आलं की एकाने थांबायचं, हात करायचा, मग निघायचं. सात-आठ किलोमीटर रस्ता कालव्याच्या कडेने होता. पाण्यात आमच्याच गाडीची सावली आमच्याबरोबर पळत होती, आणि तारेवर बसलेला खंड्या त्या सावलीवरच सूर मारून गेला. काचा खाली असल्याने तो 'चुळुक' आवाजही ऐकू आला.

मग नदी आली. नकाशावर रस्ता नदीपर्यंत जात होता आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होता, मध्ये बारीक अक्षरं. बायको म्हणाली, "इथे तर आहे." मी म्हटलं, "तर काय?" ती म्हणाली, "तर." मी म्हटलं, "अगं, तर पुढे काय?" काठावर पोचलो तेव्हा कळलं की ती वाक्य अर्धवट सोडत नव्हती. होडीची तर होती ती. माणसं आणि दुचाक्या जात होत्या. चारचाकीला मागे फिरून बावीस किलोमीटरवरचा पूल.

त्यातही गंमत अशी की मागे फिरल्यावर जिथे वळायचं ते गाव नेमकं नकाशाच्या घडीत आलेलं. चार घड्या जिथे मिळतात तिथे कागद झिजून भोक पडलंय, आणि गाव त्या भोकात. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं.

तर (हा साधा 'तर') प्रश्न असे: असं मुद्दाम आडरस्त्याने जाणारे कुणी आहे का इथे? नकाशा कुठल्या प्रमाणाचा घ्यावा? आणि चांगला रस्ता कागदावरून आधीच ओळखता येतो, की सगळा नशिबाचा भाग?

रात्रपाळी

दादा, हौस म्हणून ठीक आहे. मी चाक हातात धरून पोट भरतो, बहुतेक रात्रीचा. हायवे कंटाळवाणा असतो हाच त्याचा गुण. मध्ये दुभाजक, त्यामुळे समोरचा अंगावर येत नाही. वळणं सैल, त्यामुळे दिवा पोचतो तिथवर रस्ता दिसतो. आडरस्त्यावर वळणापलीकडे काय आहे ते वळल्यावरच कळतं. कधी गुरं, कधी बिनदिव्याचा ट्रॅक्टर, कधी पावसात खचलेली कड.

उगाच भीती घालत नाही. युरोपातले आकडे काढून बघा. रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी साधारण निम्मे शहराबाहेरच्या साध्या रस्त्यांवर होतात आणि मोटरवेवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, दहा टक्क्यांच्या आत. तिथे वेग जास्त असूनसुद्धा.

जायचंच असेल तर दिवसा जा. टाकी अर्ध्यावर आली की भरायची, पाववर येण्याची वाट बघायची नाही. आणि दिवस मावळायच्या तासभर आधी मोठ्या रस्त्याला लागायचं, मग सूर्यास्त कितीही फोटो काढण्यासारखा असो.

समोच्चा

मैलाचा_धोंडा, बायकोला माझा नमस्कार सांगा. 'तर' तिने वाचली होती, तुम्ही नाही. नकाशे काढण्याच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली, आधी शाईने आणि मग कॉम्प्युटरवर, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्यांदा नकाशाचा कोपरा बघा. सर्वेक्षणाचं साल वेगळं आणि छपाईचं वेगळं. लोक छपाईचं साल बघून नकाशा नवा समजतात, आणि आत रस्ते पंधरा वर्षांपूर्वीचे असतात. डोंगर, नदी, दरी यांवर डोळे झाकून भरवसा ठेवा. पूल आणि तर मात्र वाटेत कुणालातरी विचारून घ्या.

मग प्रमाण. १:१०,००,००० म्हणजे एका सेंटिमीटरात दहा किलोमीटर. यावर आडरस्ता बहुधा नसतोच, आणि असला तर सरळ रेघ दिसतो, कारण वळणं काढायला कागदावर जागाच उरत नाही. १:२,५०,००० वर सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. गाडीतून दिवसभर भटकायला हा घ्या. १:५०,००० वर सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला हा सोन्यासारखा, पण गाडीत तासा-तासाला पान बदलावं लागेल आणि त्यावरून भांडणं होतील.

आता तुमचा तिसरा प्रश्न. नशीब अजिबात नाही. समोच्चरेषा बघायच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी बारीक रेघा. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) रस्ता या रेघांना समांतर चाललेला दिसला की समजावं, तो डोंगराच्या कुशीतून एकाच उंचीवर जातोय. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी उघडी, आणि चढ जवळजवळ नाही. असा रस्ता दिसला की मी बाकी काही बघत नाही. रस्ता रेघा कापत जात असेल तर चढ किंवा उतार. १:५०,००० वर सेंटिमीटरभर अंतरात वीस-वीस मीटरच्या पाच रेघा आल्या तर पाचशे मीटरला शंभर मीटर चढ. गाडीरस्ता असा सरळ चढवत नाहीत. तिथे तो नागमोडी दिसेल, आणि प्रत्येक नागमोडीच्या टोकाला थांबायला जागा असेल असं नाही.

नदीची निळी रेघ आणि रस्ता एकमेकांना चिकटून चाललेत आणि दोन्हीकडून तपकिरी रेघांची गर्दी झालीय, ती घळ. तिथे भर दुपारी जा, एरवी तळाशी ऊन उतरत नाही. आणि रेघा एकदम विरळ होऊन रस्ता सरळ झाला की पठार. पठारावर वारा असतो आणि सावली नसते, एवढं लक्षात ठेवून जा.

अंतर मोजायला दोरा घ्या. वळणावळणाने रस्त्यावर अंथरा, मग सरळ करून प्रमाणपट्टीवर धरा. तुमच्या प्रवासात वाटेतले थांबे धरून ताशी पस्तीसच्या आसपास पडले असणार. आडरस्त्याला तोच हिशोब धरत जा, म्हणजे रात्रपाळी म्हणतात तसं दिवस मावळायच्या आत पोचाल.

अवांतर: या रेघांना रस्त्यांशी मुळात काही देणंघेणं नव्हतं. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ, त्याच्या ओढीने ओळंबा किती कलतो हे मोजून त्यावरून पृथ्वीची घनता काढण्याचा खटाटोप सुरू झाला. त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं होतं. चार्ल्स हटन या गणितज्ञापुढे उंचीच्या नोंदींचा ढीग येऊन पडला, तेव्हा त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेघेने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी हे ऐकलं आणि तिथेच अडकले.

नवी_कोरी

ताई, वाचनखूण साठवली. पण मला त्या रेघा बघून अजून गरगरतं. सोपं काही नाही का?

समोच्चा

आहे की. मिशेलिन ही टायर कंपनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात म्हणून १९०० साली तिने गाइड काढलं, आणि १९१० पासून फ्रान्सचे १:२,००,००० चे नकाशे. त्यांच्या नकाशांवर निसर्गरम्य रस्त्याला कडेने हिरवी रेघ असते. बास. हिरवं दिसलं की वळायचं. पण तो दुसऱ्याने पसंत केलेला रस्ता झाला. रेघा शिकून घ्या, दोन रविवारचं काम आहे.

उंटावरचा_शहाणा

दिवा घेऊन, म्हणजे हलकेच घेऊन वाचा. फोनमध्ये 'हायवे टाळा' असा पर्याय असतो. नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो, रेंज लागत नाही. फोन एसीच्या झोतासमोर लावला की तापत नाही. नऊ तासांचा धागा दोन मिनिटांत सुटला. आता कुणीतरी येऊन रस्ते पाठ करून करून लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचा एक भाग मोठा झाल्याची गोष्ट सांगेल, तीही सांगून टाका.

कोडगा

टॅक्सीवाले राहू देत, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी रस्ता शोधणारे प्रोग्रॅम लिहितो (कोड लिहितो म्हणून कोडगा, बायकोच्या मते इतरही कारणं आहेत), म्हणून आतली बाजू सांगतो.

फोनच्या लेखी प्रत्येक रस्ता म्हणजे दोन चौकांमधली एक दोरी आणि तिच्यावर टांगलेला एक आकडा, बहुतेक वेळा मिनिटांचा. काम एवढंच की आकड्यांची बेरीज कमीत कमी होईल अशा दोऱ्या निवडायच्या. एड्सगर डाइक्स्ट्राने याची रीत १९५९ साली छापली. आज त्यावर बरेच मजले चढलेत, पण पाया तोच. 'हायवे टाळा' म्हटलं की हायवेच्या दोऱ्या बाजूला पडतात आणि उरलेल्यांतून पुन्हा कमीत कमी मिनिटंच शोधली जातात. म्हणजे हायवेला लागून जाणारा, ट्रक आणि गोदामांनी भरलेला जुना रस्ता मिळतो. मैलाचा_धोंडा यांचा कालवा त्याला कधीच सापडणार नाही, कारण खंड्याचा कॉलमच नाही.

असा कॉलम करून बघितलाय लोकांनी. २०१४ साली काही संशोधकांनी लंडनमधल्या रस्त्यांचे फोटो लोकांना जोडीने दाखवून 'यातला कुठला छान' असं विचारलं आणि त्या मतांवरून वाटा काढल्या. चालायला थोड्याच मिनिटांचा फरक पडत होता. पण ते एका शहराच्या मध्यभागापुरतं, पायी चालणाऱ्यांसाठी. आडरानातल्या रस्त्याला मत द्यायला कोण बसलंय?

शहाणेसाहेब, मी स्वतः फोनच वापरतो. पण फोनचा पडदा आहे वितभर. सगळं दिसेल एवढं लांब गेलं की बारीक रस्ते गायब होतात, बारीक रस्ते दिसतील एवढं जवळ आलं की सगळं दिसेनासं होतं. टेबलावर पसरलेल्या कागदावर दोन्ही एकदम दिसतं. निवड आदल्या रात्री कागदावर करावी आणि चुकलो की फोन उघडावा, असं माझं आपलं चाललंय.

उंटावरचा_शहाणा

खंड्याचा कॉलम आवडला. पण कागद काय हरिश्चंद्राचा अवतार आहे का? तोही थापा मारतो.

समोच्चा

मारतो ना, आणि आम्हीच मारायला लावतो. कुणी नकाशा चोरून छापला तर पकडता यावं म्हणून त्यात नसलेलं गाव घुसवायची जुनी युक्ती आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल ड्राफ्टिंग या नकाशे काढणाऱ्या कंपनीच्या दोघांनी आपल्या नावांची आद्याक्षरं उलटसुलट करून न्यूयॉर्क राज्यातल्या एका मातीच्या रस्त्याच्या फाट्यावर 'अ‍ॅग्लो' नावाचं गाव टाकलं. पुढे रँड मॅक्नॅली या दुसऱ्या नकाशा कंपनीच्या नकाशावर अ‍ॅग्लो दिसलं. चोर सापडला म्हणून हे खूश. पण ते म्हणाले, तिथे खरंच अ‍ॅग्लो आहे! झालं होतं असं की पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या नकाशावर नाव बघून कुणीतरी त्या फाट्यावर 'अ‍ॅग्लो जनरल स्टोअर' उघडलं होतं. थाप मारायला गेले आणि गाव वसलं. दुकान नंतर बंद पडलं.

आमच्या हापिसात नवीन पोरांना ही गोष्ट सांगितली की ती आठवडाभर भिंगाने जुने नकाशे तपासत बसत.

मागची_सीट

नकाशावाल्या आईबापांचं मूल म्हणून लिहिते. पुढे दोघं "इथून वळायचं होतं", "तू आधी सांगायचं होतंस" करत असायची आणि मागे मी पिशवी हातात धरून. आडरस्ता म्हणजे वळणं आणि वळणं म्हणजे मी.

यावर मोठेपणी एकच गोष्ट शिकले. चालत्या गाडीत नकाशा वाचायचा नाही. कान सांगतात आपण हलतोय, डोळे कागदावर, ते सांगतात आपण जागेवर आहोत. दोघांचं पटलं नाही की पोट ढवळतं. गाडी थांबवा, पुढच्या चार-पाच खुणा पाठ करा (देऊळ, मग मोरी, मग डावीकडे), आणि निघा. शोधणाऱ्याने खिडकीबाहेर बघायचं. खुणा त्यालाच तर ओळखायच्यात.

आणि नकाशा फिरवून धरायचा की उत्तर वरच ठेवायची यावर आमच्याकडे एकदा दोन दिवस अबोला होता. आई फिरवायची. बाबांना तो नकाशाचा अपमान वाटायचा. आई कधी चुकली नाही.

अंगणातून

बराच वेळ वाचतेय. सगळं छान चाललंय, म्हणून नाइलाजाने विरजण घालते.

तुम्ही ज्याला आडरस्ता म्हणता तो माझ्या अंगणासमोरचा रस्ता आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यावर दिवसाला पंधरा-वीस गाड्या जायच्या, त्यातल्या निम्म्या ओळखीच्या. मग जवळच्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं आणि फोनांनी सगळ्यांना इकडे वळवलं. सकाळी शाळेच्या वेळेला मुलांना रस्ता ओलांडून द्यायला कुणीतरी मोठं माणूस उभं करावं लागतं. काम संपलं तरी वाट लोकांच्या अंगवळणी पडली. आता रविवारी 'निसर्ग' बघणारे येतात. वळणावर गाडी लावून फोटो काढतात, गाणी लावतात, बाटल्या टाकून जातात. माझा म्हातारा कुत्रा आयुष्यभर त्या रस्त्यावर पाय पसरून झोपला. त्याला आता बांधून ठेवते.

हे एकट्या आमचंच दुखणं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया नावाच्या छोट्या गावाने २०१८ साली वैतागून साठेक गल्ल्या गर्दीच्या वेळी बाहेरच्यांना बंद केल्या. जवळच्या मोठ्या पुलावर जाणाऱ्या गाड्या फोनवर बघून गावातून घुसत होत्या. आमच्याकडे तसं काही करणारं कुणी नाही.

रात्रपाळी

ताई, शंभर टक्के. रस्त्याला लागून घरं दिसली की तीसच्या खाली यायचं आणि हॉर्नला हात लावायचा नाही. आम्ही मोठ्या गाडीवाले एवढं पाळतो, छोट्या गाडीतल्या हौशी लोकांना घाई असते. फिरायला निघालेल्याला कसली घाई, हे मला कधी कळलं नाही.

उंटावरचा_शहाणा

अंगणातून, फोनने ही गर्दी केली हे मान्य. पण उद्या सगळे कागद घेऊन निघाले तरी तुमच्याच अंगणात येतील ना?

अंगणातून

येतील. पण कागदवाला माणूस थांबून वाट विचारतो. विचारणाऱ्याच्या गाडीचा वेग आपोआप कमी झालेला असतो, आणि बोललेला माणूस सहसा बाटली टाकून जात नाही. दोन वर्षांत माझ्या दाराशी थांबून तिघांनी वाट विचारली. तिघेही मला आठवतात.

चारघड्या

मैलाचा_धोंडा यांच्या भोकाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लॉगिन केलं.

नेहमीची घडी काटकोनात असते, आडवी-उभी. त्यामुळे चार घड्यांचे कोपरे नेमके एकावर एक येतात, तिथे जाडी साठते, आणि उघडझाप करताना प्रत्येक घडी कधी या बाजूने तर कधी उलट दुमडली जाते. कागद तिथेच मरतो. कोर्यो मिउरा या जपानी खगोलभौतिकीतज्ज्ञाने यावर तिरकी घडी काढली. उभ्या रेघा सरळ न ठेवता किंचित तिरक्या, नागमोडी. मग कोपरे एकमेकांपासून थोडे सरकतात, आणि दोन समोरासमोरची टोकं ओढली की अख्खा कागद एका झटक्यात उघडतो. मिटतानाही त्याच वाटेने मिटतो, उलट दुमडताच येत नाही. १९९५ साली अवकाशात गेलेल्या जपानच्या स्पेस फ्लायर युनिटवर सौर पत्रे उलगडायला हीच घडी वापरली.

मी घरच्या नकाशावर करून बघितली. पहिल्यांदा दीड तास लागला आणि नकाशा चोळामोळा झाला. रद्दीच्या कागदावर आधी सराव करा. जमली की मात्र गाडीत एका हाताने नकाशा उघडता येतो. मिटायला अजूनही बायको लागते.

मैलाचा_धोंडा

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. थोडं कळवतो.

भोकावर मागून कापडाची पट्टी चिकटवली आणि गावाचं नाव पेन्सिलीने लिहिलं. समोच्चा ताईंनी सांगितल्यावर कोपरा बघितला. सर्वेक्षणाचं साल माझ्या लग्नाच्याही आधीचं निघालं. मग रात्री दोरा घेऊन बसलो. नदीच्या अलीकडे एक रस्ता तपकिरी रेघांना समांतर अठरा सेंटिमीटर चाललाय. हायवेवरून दिसणारा तो डोंगर हाच, डावीकडचा-उजवीकडचा. अकरा वर्षं मी त्याच्या पायथ्याने जातोय आणि त्याच्या कुशीत रस्ता आहे हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिथे जायचं ठरलंय, चारचाकी न नेता मोटरसायकलवर, म्हणजे तरीतून नदीही ओलांडता येईल. बायको मागे बसून खुणा सांगणार. नकाशा फिरवून धरणार असं तिने आत्ताच बजावलंय.

अंगणातून, रस्त्याला लागून बरीच घरं दिसतात. त्यातलं एखादं तुमचं असेल का, हे विचारत नाही.

अंगणातून

विचारू नकाच. पण कुठल्याही घरापाशी थांबलात तर इंजिन बंद करून विचारा, ऐकू येत नाही. आणि रस्त्यात कुत्रा झोपलेला दिसला तर तो उठणार नाही, तुम्हीच वळसा घाला. रविवार सोडून आलात तर मी त्याला सोडून ठेवते.